कायलीपासून म्हादेईपर्यंत

भीमेच्या काठच्या माणसाने समुद्रातल्या गलबतांवर लिहावे, हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. आमचे मांडवगण फराटा हे गाव शिरूर तालुक्याच्या टोकाशी, नदीच्या अलीकडे. पात्र ओलांडले की दौंड तालुका लागला. मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसला पोटात घेऊन भीमा आमच्याकडे येते, आणि पुढे कृष्णेला मिळून थेट पूर्वसमुद्राला जाते. आम्ही मात्र तिच्यामागोमाग कधी गेलो नाही. ऊस, गुऱ्हाळ आणि पंढरीची वारी यांतच आमच्या मागल्या पिढ्यांचा जन्म गेला. तरीही लांबच्या प्रवासाला नाव कशी निवडावी, याचा पहिला धडा मला मिळाला तो याच नदीच्या काठावर, आणि तो देणारे गुरुजी म्हणजे आमचे एक चुलते. त्यांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

माझ्या लहानपणी आमच्या बाजूला नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात नदी पायउतार असे. पावसाळ्यात पलीकडे जायचे तर तीन साधने: भोपळ्यांची सांगड, कोठून तरी मागून आणलेली होडी, नाहीतर गुऱ्हाळातली कायल. शहरी वाचकांसाठी सांगतो, कायल म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी कढई. तिला नाळ नाही, सुकाणू नाही, शीड तर नाहीच. बूड सपाट आणि काठ बेताचे. पाण्यात सोडली की गरगर फिरते. दोन पट्टीचे पोहणारे दोन अंगांनी धरून तिला ढकलत नेत आणि आत बायकामुले, धान्याची पोती, प्रसंगी शेळीही बसे. चुलते कायल पाण्यात लोटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारीत. "माणसं किती? वझं काय? उतरायचं कुठं?" उत्तरे ऐकल्यावर ते एकवार पाण्याकडे पाहत आणि मगच कायलीला हात लावीत.

एका श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीला ताप भरला. दौंडला दवाखान्यात न्यायचे ठरले. दिवेलागणीची वेळ, नदी दुथडी भरलेली आणि पाण्याला गढूळ रंग चढलेला. चारचौघांनी कायल आणून काठावर ठेवली. चुलत्यांनी आपले तीन प्रश्न विचारले, बराच वेळ पाणी पाहिले आणि म्हणाले, "कायल संथ पाण्याची. हे पाणी हिचं नव्हं." माझी आई रडली, भांडली, त्यांना नाही नाही ते बोलली. ते मुकाट्याने उठले आणि कंदील घेऊन अंधारात नदीकाठाने खाली चालत गेले. पहाटे ते होडी आणि तिचा नावाडी घेऊन परत आले. बहीण पलीकडे गेली आणि पंधरा दिवसांनी बरी होऊन आली. आईने मात्र ती रात्र त्यांना पुष्कळ दिवस माफ केली नाही.

पुढे इतिहास वाचण्याचा नाद लागला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की चुलत्यांचे ते तीन प्रश्न जगभरच्या दर्यावर्दींना सुटलेले नाहीत. ज्यांनी ते नीट विचारले ते बहुधा घरी परतले. ज्यांनी घाईत उत्तरे दिली, त्यांच्या कथा वाचताना अजून जीव कासावीस होतो.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आली आणि शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीस हात घातला. समोर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी. युरोपियनांची जहाजे उंच, खोल बुडाची आणि तोफांनी गच्च भरलेली. त्यांची हुबेहूब नक्कल करावी असा मोह कोणालाही झाला असता. मराठ्यांच्या आरमाराचा भर मात्र गुराबा आणि गलबतांवर राहिला. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत तिच्याहून लहान आणि हलके, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. दोहोंना पाणी थोडे लागे. वारा पडला तरी वल्ह्यांवर चालता येई, आणि शत्रू मागे लागला तर खाडीत शिरता येई.

या निवडीची कसोटी १६७९ साली खांदेरीवर लागली. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांचे धाबे दणाणले. बेटाची रसद तोडण्यासाठी त्यांनी जहाजे आणून उभी केली. पण रात्रीच्या वेळी मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या लहान नावा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून सुळकन निसटून बेटाला लागत. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत राहिली. अखेर १६८० च्या आरंभी त्यांनी वेढा आवरता घेतला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच जातीच्या नावांच्या बळावर १७२९ साली मृत्यू येईपर्यंत कोकणच्या दर्यावर आपला दरारा ठेवला.

पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरून चालणार नाही. हीच गुराब घेऊन केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा म्हटले असते, तर तो आत्मघात ठरला असता. तिचा पुढचा भाग सखल असे आणि समोरून लाट आली की ती फार डोले. महिनोन्महिने पुरेल एवढे पाणी व धान्य साठवायला तिच्यात जागा नव्हती. "उतरायचं कुठं?" या प्रश्नाला आंग्र्यांचे उत्तर होते, "पुढच्या खाडीत." त्या उत्तराला गुराब योग्य होती. प्रश्नाचे उत्तर बदलले की नाव बदलणे प्राप्त होते.

उत्तर बदलणारा पहिला माणूस अमेरिकेतला. जोशुआ स्लोकम हा उतारवयाकडे झुकलेला कप्तान. वाफेच्या जहाजांनी त्याची शिडाच्या जहाजावरची नोकरी खाल्ली होती. एका स्नेह्याने त्याला शेतात टेकू लावून ठेवलेली एक मोडकी नौका फुकट देऊ केली. ती एके काळी कालवे गोळा करण्याच्या कामाची. स्लोकमने तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून तिची फळीन् फळी बदलली. जेमतेम ३७ फुटांची ही 'स्प्रे' घेऊन तो एप्रिल १८९५ मध्ये बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असा एकट्याने केलेला हा पहिलाच प्रवास. स्प्रेचा गुण असा की सुकाणू बांधून ठेवले तरी ती आपली दिशा फारशी सोडत नसे. एकट्या माणसाला झोप लागते; तेवढा वेळ नावेने जागे राहावे लागते. स्लोकमला हा गुण अर्ध्या राज्याच्या मोलाचा वाटला असेल. पुढे १९०९ साली, दोघेही म्हातारे झाले असता, तो त्याच स्प्रेमधून पुन्हा निघाला आणि परत कोणास दिसला नाही.

आता मुंबईला येऊ. येथल्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांतले 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरले आणि दोनशे वर्षे उलटून गेली तरी इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. या सागवानाने आणि आपल्या सुतारांच्या हाताने १९६० नंतरच्या दशकात एक असा पराक्रम घडवला, की तो आपल्या शाळांतून का सांगितला जात नाही याचे मला नवल वाटते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी. मुंबईत असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी शिडाची नौका बांधून घ्यायचे ठरवले. विलायतेहून आराखडा मागवला. हाती आला तो मागवलेला नव्हताच, फार जुना, नॉर्वेच्या वादळात माणसे वाचवणाऱ्या नावांवरून बेतलेला. नाव रुंद, जड आणि दोन्ही टोकांना निमुळती. मंडळींनी विचार केला आणि हाच चालवून घेतला. मुंबईच्या सुतारांनी हातांच्या हत्यारांनी, वासल्याने सागवान तासून ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची 'सुहेली' उभी केली. आखाती खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, तेच हे नाव.

१९६८ साली इंग्लंडात कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली. नऊ जण निघाले. बर्नार्ड म्वातेसिए या फ्रेंच माणसाची नौका पोलादाची आणि वेगाची. डोनाल्ड क्रोहर्स्टने घेतली ती तीन सांगाड्यांची नवी चाल. हलकी, भरधाव धावणारी, परंतु एकदा उलटली की आपण होऊन सरळ न होणारी. शिवाय ती अर्धवट तयार असतानाच, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला त्याला निघावे लागले. सुहेली या सर्वांत संथ. म्हणून नॉक्स-जॉन्स्टन १४ जूनलाच निघाला. वाटेत नावेच्या फटींतून पाणी आत येऊ लागले, तेव्हा भर अटलांटिकमध्ये त्याने बुडी मारून फटींत कापूस ठासला. गोडे पाणी नासले, ते त्याने पावसावर भरून काढले. आपोआप दिशा धरणारे यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडले. पुढे शिडांची नुसती मांडामांड करून त्याने नाव सरळ चालवली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो इंग्लंडला परतला. नऊ जणांत शर्यत पुरी करणारा तो एकटा. कोणी वाटेतून फिरले, कोणाची नाव फुटली, म्वातेसिए शर्यत सोडून ताहितीला निघून गेला. क्रोहर्स्टची नौका जुलैत समुद्रावर रिकामी सापडली. जगाला तो खोटे ठावठिकाणे कळवीत राहिला होता, आणि त्या ओझ्याखाली त्याचे मन मोडले. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

म्हणजे न थांबता, एकट्याने जगाला वळसा घालणारी पहिली नौका मुंबईच्या सागवानाची होती! ती सर्वांत वेगवान नव्हती, नव्या तऱ्हेची तर मुळीच नव्हती. पण जे मोडेल ते एकट्याच्या हाताने दुरुस्त करता येईल, अशी ती होती. दूरच्या प्रवासाला नाव पारखताना या गुणाला मी पहिला नंबर देईन.

नाव मुंबईची असली तरी माणूस परका होता. भारतीयांनी शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली ती १९८५ ते १९८७ या काळात, लष्कराच्या अभियंता दलाच्या जवानांनी. त्यांची 'तृष्णा' ३७ फुटांची, परदेशात बांधलेली. या दलाचे महाविद्यालय पुण्याजवळ दापोडीला, मुळेच्या काठी. तेच पाणी पुढे आमच्या गावावरून वाहते, हे वाचले तेव्हा मला उगीचच मूठभर मांस चढले.

पण एकट्या भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून जावे, हे एका मराठी माणसाच्या मनाने घेतले होते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले हे सेनानी निवृत्तीनंतर राहत कोठे? फलटणजवळ विंचुर्णी गावी, आमच्यासारख्याच माळरानावर! समुद्र नजरेसमोर नसताना त्याचा ध्यास घेणारा मी एकटाच नाही, एवढे समाधान मला आवट्यांनी दिले. त्यांच्या पाठपुराव्याने नौदलाने 'सागर परिक्रमा' हाती घेतली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी ती अंगावर घेतली.

दोंद्यांपुढे पहिला प्रश्न माणसाचा नव्हता, नावेचाच होता. ते थेट नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले आणि त्यांच्या नौकेच्या तयारीत राबून शिकले. आराखडा निवडला तो व्हॅन डी श्टाट या डच संस्थेचा, ५६ फुटी नौकेचा. बांधणीचे काम घेतले गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. अशी सागरी शिडाची नौका त्यांच्या कारखान्यात पूर्वी कधी बांधली गेली नव्हती. देवदारासारख्या हलक्या सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून, वर काचतंतूंचे कवच चढवून त्यांनी ती घडवली. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव तिला दिले: 'म्हादेई'. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली.

वाचक विचारतील, सुहेली ३२ फुटांची, मग एकट्या माणसाला ५६ फुटांची कशाला? याचे उत्तर पुन्हा त्या तीन प्रश्नांत आहे. दक्षिण महासागरात पृथ्वीला वळसा घालीत वारा सारखा वाहतो, त्याला अडवणारी जमीन नाही. तेथे लांब नाव लवकर पुढे सरकते, संकटाच्या पट्ट्यातून लवकर सुटते. ओझेही मोठे: महिनोन्महिन्यांचे अन्न, पाणी, जादा शिडे, हत्यारे. आणि पूर्वी चार खलाशांनी ओढायचे शीड आता दोरखंडाच्या चक्रावर एका माणसाला आवळता येते. उलट बाजूही आहेच. शीड मोठे तसा त्याचा धोका मोठा, खर्च मोठा आणि दुरुस्तीही मोठी. नावेच्या तळाशी जो जड कणा असतो, तो मात्र लहान-मोठ्या दोघींनाही हवाच. आपले जुने खलाशी नाव स्थिर राहावी म्हणून तळाशी दगडांचे नीरम भरीत. हे त्याचेच नवे रूप. लाटेने नाव आडवी केली, तरी हे वजन तिला पुन्हा उभी करते. कायलीत आणि दर्याच्या नावेत खरा फरक हाच.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. केप हॉर्नला त्यांनी वळसा घातला तो दिवस होता २६ जानेवारीचा. पाठोपाठ अभिलाष टॉमी याच म्हादेईतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोठेही न थांबता १५१ दिवसांत, ३१ मार्च २०१३ रोजी, मुंबईला आले.

येथेच कथा संपवली असती तर ती दिवाळीच्या फराळासारखी गोड झाली असती. पण इतिहासात कडू घासही असतो. १९६८ च्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये तशीच शर्यत झाली, जुन्याच पद्धतीच्या साधनांनी. तिच्यासाठी दांडेकरांनी सुहेलीची प्रतिकृती बांधली, 'तुरीया'. टॉमी तिच्यातून निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तुरीयाला उलटीपालटी केले. डोलकाठ्या गेल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. हलता येत नाही, खाल्लेले पोटात राहत नाही, अशा अवस्थेत ते तीन दिवस पडून होते. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. निवड चुकली होती काय? मला तसे म्हणवत नाही. शिडे गेली, काठ्या गेल्या, पण नावेचे अंग फुटले नाही. तीन दिवस तिने आपल्या माणसाला पाण्यावर धरून ठेवले. योग्य नाव संकट टाळत नाही. संकट आल्यावर ती काही दिवसांचा अवधी देते. त्या अवधीतूनच टॉमी उठले, पुन्हा चालायला शिकले आणि पुढच्याच शर्यतीत, २९ एप्रिल २०२३ रोजी, ३६ फुटांच्या नौकेतून दुसरे आले. आवटींना मात्र हे पाहायला मिळाले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्येच विंचुर्णीत त्यांनी डोळे मिटले.

म्हादेईच्या धर्तीवर त्याच कारखान्यात 'तारिणी' बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा मुली सप्टेंबर २०१७ मध्ये तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी तिच्यातून निघाल्या आणि जग पालथे घालून २९ मे २०२५ रोजी गोव्याला आल्या.

ही शेवटची बातमी मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवली. तिने ऐंशी ओलांडली आहे. दिसते कमी, पण ऐकते सगळे. दोन पोरी आठ महिने समुद्रावर, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मला वाटले, ती विचारील, भीती नाही का वाटली त्यांना? तिने विचारले, "नाव कुणी पारखून दिली रे त्यांना?"

मी सांगितले: आवटी, दोंदे, दांडेकर.

ती म्हणाली, "आपले काका असतेत, तर त्यांनीबी हीच दिली असती." आणि मग, त्या श्रावणातल्या रात्रीनंतर पहिल्यांदाच, तिने मला सांगितले की काका कंदील घेऊन गेले तेव्हा ती तापातही जागी होती, आणि काठाने लांब लांब जाणारा तो उजेड तिने दाराच्या फटीतून दिसेनासा होईपर्यंत पाहिला होता.